चार अध्याय, साठ नावं आणि कोरडी पहाट : एक प्रकरण अभ्यास

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकीय काळजीचं काम करणाऱ्यांकडे एकाच तऱ्हेचं गाऱ्हाणं पुन्हा पुन्हा येतं. खाली त्यातलंच एक मांडलं आहे. अनेकांच्या बाबतीत दिसलेल्या गोष्टी एकत्र करून एका बाईच्या रूपात लिहिल्या आहेत, त्यामुळे कोणाची ओळख शोधू नये. त्यांना ताई म्हणू. त्यांच्याबरोबर बारा आठवडे बसल्या त्या मंडळीतल्या वडीलधाऱ्या, पूर्वी परिचारिका असलेल्या एक मावशी.

परिस्थिती

ताई ४४ वर्षांच्या. शाळेत शिक्षिका, रविवारी संडे स्कूलचा वर्ग, विश्वासात वीसेक वर्षं. प्रार्थनेची विनंती घेऊन लोक ज्यांच्याकडे आवर्जून जातात, अशांपैकी एक. गाऱ्हाणं त्यांनी एका दमात सांगितलं : "देवाशी बोलतेय असं वाटतच नाही. रोज हजेरी लावून येते, झालं."

हे सात महिने चाललं होतं. रोजचा क्रम ठरलेला : पाचला गजर, पाच दहाला खुर्चीत, बायबलचे चार अध्याय, मग वहीतली साठ नावांची यादी, शेवटी प्रभूची प्रार्थना. एखादी पहाट चुकली तर दिवसभर अपराधी वाटायचं. एका मैत्रिणीने सुचवलं की वेळ वाढव, आठवड्यातून एक दिवस उपास धर. ताईंनी महिनाभर साडेचारला उठून पाहिलं. कोरडेपणा तसाच राहिला, वर वर्गात मुलांवर चिडचिड सुरू झाली. "अजून कर" हा सल्ला अशा वेळी सगळ्यांत आधी दिला जातो आणि बहुतेक वेळा तोच चुकतो, कारण बिघाड कशात आहे हे कोणी पाहिलेलंच नसतं.

आधी काय तपासलं

मावशींनी पहिल्या भेटीत बायबल उघडलंच नाही. झोप विचारली. वह्या तपासून आडवं व्हायला पावणेबारा, उठणं पाचला : सव्वापाच तास. ही विचारपूस अध्यात्माच्या बाहेरची वाटत असेल तर १ राजे १९ पुन्हा वाचावा. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरलेला पाहणारा संदेष्टा एलीया पुढच्याच अध्यायात झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवतो, पुन्हा झोपू देतो आणि पुन्हा उठवून खायला सांगतो. "एलीया, तू इथे काय करतोस?" हा प्रश्न त्यानंतर येतो, चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर.

दुसरं, नैराश्य. उदासी किंवा कशातच रस न वाटणं दिवसाचा बराचसा वेळ आणि सलग दोन आठवडे टिकलं, जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडली, आपण कुचकामी आहोत किंवा मरून जावं असं वाटू लागलं, तर तिथे आत्मिक मार्गदर्शनाच्या आधी डॉक्टर लागतो. मरणाचे विचार असतील तर दोन आठवडे मोजत बसायचंही नाही, त्याच दिवशी न्यायचं. ताईंना शिकवण्यात रस होता, जेवण व्यवस्थित होतं, मरणाचे विचार नव्हते. तरी रक्त तपासून घेतलं. थायरॉईड ठीक, हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं आणि त्यावर गोळ्या सुरू झाल्या.

तिसरं, शोक. दुसरी भेट संपत आली होती, ताई पिशवी उचलून उठल्या होत्या आणि दाराशी सहज म्हणाल्या, "बाबा गेले ना, त्यालाही आठ महिने झाले." कोरडेपणा सात महिन्यांचा. हे दोन आकडे त्यांनी स्वतः कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. अंत्यविधीला आलेला प्रत्येक जण "ते प्रभूजवळ आहेत" म्हणाला होता, त्याही तेच म्हणाल्या होत्या. त्यांच्या दृष्टीने विषय तिथे मिटला होता.

चौथं, अडकलेलं काही. वडिलांच्या घरावरून धाकट्या भावाशी बोलणं बंद होतं. ही गोष्ट मावशींनी फक्त ऐकून ठेवली. पहिल्याच आठवड्यात ती काढली असती तर ताईंनी तिलाही अपराधांच्या यादीत टाकलं असतं आणि यादी तेवढी लांबली असती.

हा निवाडा करायला दोन जुनी साधनं कामी येतात. सोळाव्या शतकातला स्पेनमधला कार्मेली संन्यासी, क्रूसाचा संत योहान, कोरडेपणा देवाकडून आहे की ढिलाईतून हे ओळखायच्या तीन खुणा देतो : देवाच्या गोष्टींत गोडी लागत नाही आणि इतर कशातही लागत नाही, तरीही आपण देवापासून लांब चाललोय की काय याची काळजी मनाला लागून राहते, आणि पूर्वीसारखं कल्पनेने, विचाराने मनन करता येत नाही. ढिल्या माणसाला दुसरी खूण नसते, त्याला काळजीच वाटत नाही. ताईंची पहिली खूण अर्धीच जुळत होती, कारण वर्गात त्यांना गोडी होती. दुसरी मात्र ठसठशीत होती. त्याच शतकातला, येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला कोरडेपणाची तीन कारणं सांगतो : आपला आळस, आपली परीक्षा, आणि सांत्वन, म्हणजे प्रार्थनेत जाणवणारी गोडी, ही आपली कमाई नसून देणगी आहे हे कळावं म्हणून. ताईंनी पहिलं कारण स्वतःला केव्हाच लावून टाकलं होतं, आणि नेमकं तेच त्यांना लागू नव्हतं.

एक पहाट, घड्याळ लावून

मावशींनी आठवडाभर काहीही बदलू नको, फक्त लिही असं सांगितलं. त्या सात दिवसांतला हा एक, २४ फेब्रुवारीचा.

५:१० खुर्चीत. ५:११ फोनवर वाचनयोजना उघडली, वर लाल अक्षरांत "१९ दिवस मागे". ५:१२ ते ५:२९ गणना (बायबलमधलं चौथं पुस्तक), अध्याय २४ ते २७. ५:२९ ते ५:४१ यादी. ५:४१ प्रभूची प्रार्थना, चाळीस सेकंद. ५:४२ पुढे ताईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : "काही वाटलं का? नाही." ५:४३ शाळेचा ग्रुप.

बारा मिनिटांत साठ नावं म्हणजे एका नावाला बारा सेकंद. पण मावशी थांबल्या त्या वाचनापाशी.

"सत्तावीसाव्या अध्यायात काय होतं गं?"

"यहोशवाला मोशेच्या जागी नेमलं."

"ते शेवटी. त्याच्या आधी?"

ताईंना आठवेना. त्याच्या आधी सलाफहादाच्या पाच मुली आहेत. बाप रानात वारला, भाऊ नाही, म्हणून त्या मोशेपुढे आणि साऱ्या मंडळीपुढे उभ्या राहून बापाच्या वतनातला वाटा मागतात. मोशे त्यांचं प्रकरण परमेश्वरापुढे नेतो आणि उत्तर येतं की या मुलींचं म्हणणं बरोबर आहे. आठ महिन्यांपूर्वी वडील गमावलेली, घराच्या वाट्यावरून भावाशी अबोला धरलेली बाई त्या पहाटे या अध्यायावरून चारेक मिनिटांत पुढे गेली होती. वचन समोर होतं. डोळेही त्यावरून फिरले होते.

बिघाड कुठे होता

एक, थकबाकी. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन पडतात. पहिल्या पानापासून या वेगाने निघालेला माणूस जानेवारी संपता संपता लेवीयमध्ये शिरतो, आणि बहुतेकांच्या योजना तिथून गणनापर्यंतच्या टप्प्यात लंगडू लागतात. रोज चार वाचले तर सगळं २९८ दिवसांतच संपतं, म्हणजे ताईंच्या योजनेत ६७ दिवस मोकळेच होते. तरी लाल अक्षरं १९ दिवसांचं, म्हणजे ७६ अध्यायांचं देणं दाखवत होती. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात रॉबर्ट मरे मॅकचेन या पाळकाने १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी अशीच वार्षिक योजना आखली. ती आजही जगभर वापरली जाते. फारसं कोणी सांगत नाही ते हे की योजनेबरोबर तिचे धोकेही त्याने स्वतःच लिहून दिले होते : कोरडा रिवाज, स्वतःच्या नीतिमत्त्वाचा ताठा, निष्काळजी वाचन, आणि खांद्याला न पेलणारं जू. ताईंच्या बाबतीत ताठा सोडला तर बाकी तिन्ही होते.

निर्गम १६ मधल्या मान्न्याचा, म्हणजे रानात देवाने इस्राएल लोकांना रोज दिलेल्या अन्नाचा, हिशेब इथे उपयोगी पडतो. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप, तेही त्या दिवसापुरतं. उद्यासाठी ठेवलं त्यात किडे पडले. साठवण्याची मुभा फक्त सहाव्या दिवशी, दुप्पट, शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी. कालचं राहिलेलं आज गोळा करायची सोय त्यात कुठेच नाही.

दोन, ५:४२ चा प्रश्न. झोप लागली का हे तपासत राहिलं की झोप उडते. "काही वाटलं का?" या प्रश्नाने ताईंची नजर रोज त्याच क्षणी देवावरून स्वतःवर येत होती, आणि उत्तर "नाही" निघालं की दिवसभरासाठी निकाल लागत होता. आमच्या मते सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त नुकसान याच एका मिनिटाने केलं.

तीन, विलापाला जागा नव्हती. स्तोत्रसंहितेतली १५० पैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गीतं गाऱ्हाण्याची आहेत. ताईंच्या प्रार्थनेत उपकारस्तुती होती, मध्यस्थी होती, पापाची कबुली होती. "तू हे का होऊ दिलंस?" हे कुठेच नव्हतं. जे दुःख देवापुढे न्यायचंच नाही असं ठरवलं, ते झाकून ठेवायला बाकीचंही बरंच झाकावं लागतं, आणि मग बोलणं औपचारिक होतं.

चौथी गोष्ट लहान : साठ नावांत स्वतःचं नाव नव्हतं.

काय बदललं

पहिल्या आठवड्यात वाचनयोजना फोनवरून काढून टाकली आणि ७६ अध्यायांची बाकी माफ केली. वह्या तपासायचं काम शाळेतल्या मोकळ्या तासांत हलवलं, झोप पावणेअकरा ते पावणेसहा. चाळीस मिनिटांची पंधरा झाली. ताईंना हे पचेना.

"मावशी, पंधरा मिनिटं म्हणजे देवाला उरलंसुरलं दिल्यासारखं नाही का?"

"आधी पंधरा मिनिटं जागी राहा."

पंधरा मिनिटांची वाटणी अशी. दोन मिनिटं गप्प. फोन दुसऱ्या खोलीत, हातात छापील बायबल, वेळेसाठी साधं घड्याळ. पाच मिनिटं एकच उतारा, ऐकू येईल इतक्या आवाजात, दोनदा, मध्ये श्वासभर थांबून. पाच मिनिटं त्यातला जो शब्द अडकला तो आपल्या भाषेत देवाला परत सांगणं. दोन मिनिटं पुन्हा शांत. शेवटचं एक मिनिट वहीत एकच ओळ, आणि तिची सुरुवात "तू" या शब्दाने. "मला" ने सुरू होणारी ओळ चालणार नाही, कारण "मला" लिहिलं की पुढे "काही वाटलं नाही" हे आपोआप येतं.

ही नवी युक्ती नाही. बाराव्या शतकात गिगो नावाच्या कार्थुसी मठाधिपतीने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा चार पायऱ्यांची शिडी सांगितली होती. वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं, असं तो म्हणतो. ताई न चावता गिळत होत्या.

उतारा सातही दिवस एकच, स्तोत्र १३. सहा ओव्या. पहिल्या दोनांत चार वेळा "कोठवर?", पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणं. तिसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या की शेवटच्या दोन ओव्या तोंडातून खोट्या निघतात. मावशींनी सांगितलं, मग चौथ्या ओवीवर थांब, पुढचं दावीदाला म्हणू दे. पाचव्या दिवशी त्या वडिलांसाठी पहिल्यांदा रडल्या. त्या दिवसाची वहीतली ओळ : "तू होतास ना तेव्हा त्या खोलीत?"

पुढच्या आठवड्यात तीन दिवस स्तोत्र ८८ घेतलं. हे गाऱ्हाणं असं आहे की ज्याला शेवटी वळणच नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द अंधार हा आहे. असंही गीत उपासनेच्या संग्रहात ठेवलं गेलं, हे ताईंना कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा जास्त धीर देऊन गेलं. मात्र जो माणूस खरोखर नैराश्यात आहे त्याच्या हातात हे स्तोत्र एकट्याने देऊ नये, सोबत बसून वाचावं.

तिसऱ्या आठवड्यात यादी हातात घेतली. साठातल्या चौदा विनंत्या केव्हाच संपलेल्या निघाल्या. एक मुलगा दोन वर्षांपूर्वी परीक्षा पास होऊन नोकरीला लागला होता, आणि त्याचा निकाल लागावा म्हणून प्रार्थना अजून चालू होती. त्या चौदांसाठी एकदा उपकार मानून नावं खोडली. उरलेली ४६ सहा दिवसांत वाटली, दिवसाला सात-आठ, रविवारी एकही नाही. जागाही बदलली. खुर्चीऐवजी शाळेच्या रस्त्यावर चालताना, एका वळणाला एक नाव.

चौथ्या आठवड्यापासून दुपारसाठी एक ओळ. पाचव्या शतकात योहान कॅसियनने इजिप्तच्या संन्याशांकडून आलेली रीत लिहून ठेवली आहे : "हे देवा, मला सोडवायला त्वरा कर" हे स्तोत्र ७० चं सुरुवातीचं वचन दिवसभर, कामात, मोहात, झोपताना म्हणत राहायचं. ताईंनी ते शाळेच्या घंटेला बांधलं. अशी सवय घड्याळातल्या वेळेला बांधली की निसटते; रोज होणाऱ्या एखाद्या कामाला किंवा आवाजाला बांधली की टिकते. पहिल्या दिवशी आठ घंटांपैकी दोनदा आठवण झाली, आठवड्याच्या शेवटी पाचदा.

मन भटकण्याची तक्रार याच सुमारास आली. १५३५ मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने आपल्या न्हाव्याला, पेत्राला, प्रार्थना कशी करावी हे लिहून दिलं होतं. त्यात त्याने न्हाव्याचाच दाखला दिला : हातातल्या वस्तऱ्यावर आणि केसांवर लक्ष न ठेवता गप्पांत रमणारा न्हावी गिऱ्हाइकाचं नाक कापेल. त्याच पत्रातली दुसरी सूचना जास्त कामाची आहे. म्हणताना एखादा विचार भरभरून आला तर ठरलेली बाकीची प्रार्थना सोडून द्यावी आणि गप्प ऐकावं. ताईंना ठरलेलं अर्धवट सोडायची परवानगी हवी होती, ती इथून मिळाली.

पाचव्या आठवड्यात रात्रीची उजळणी आणली. इग्नेशियसची पाच पावलं : उपकार मानणं, प्रकाश मागणं, दिवस तासातासाने पाहणं, क्षमा मागणं, उद्यासाठी काही ठरवणं. आठ मिनिटं. अंथरुणात केली तर तिसऱ्या पावलावर झोप लागते, म्हणून सव्वानऊला, खुर्चीत.

मध्ये काय फिसकटलं

उजळणी पहिल्याच आठवड्यात बिघडली. शिक्षिकेच्या हातात लाल पेन असतं, आणि पाच पावलांची एकच यादी झाली : आज कुठे चुकलं. एका रात्री अकरा चुका लिहिलेल्या होत्या, उपकार शून्य. मावशींनी आठातली पहिली चार मिनिटं उपकारांसाठीच राखून ठेवली आणि अट घातली की उपकार ढोबळ नको; वेळ, जागा, चेहरा सांगायचा. "कुटुंबासाठी आभार" बाद. "तिसऱ्या तासाला मागच्या बाकावरची मुलगी पहिल्यांदा मोठ्याने वाचली" चालेल. चूक मात्र दिवसाला एकच.

तिसऱ्या आठवड्यात सलग दोन पहाटे ताईंना फार गोड अनुभव आला. तिसऱ्या दिवशी त्यांनी तीच खुर्ची त्याच कोनात ठेवली, तेच गीत लावलं, आणि काहीच घडलं नाही. अशा दिवसांबद्दल इग्नेशियसचा सल्ला रोखठोक आहे : सांत्वनाच्या काळात पुढच्या कोरडेपणासाठी बळ साठवावं. मावशींनी त्या दोन दिवसांच्या ओळी वेगळ्या पानावर उतरवून ठेवायला लावल्या आणि पुन्हा तसं घडवायला मनाई केली.

सातव्या आठवड्यात तापाने चार दिवस गेले. पाचव्या दिवशी ताईंनी भरपाईसाठी गजर पावणेपाचला लावला. जुनं दुखणं हेच. नियम पुन्हा सांगावा लागला : चुकलेला दिवस भरून काढायचा नाही, आजच्या उताऱ्यावर बसायचं.

इथे जाणकार वाचक एक हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. इग्नेशियस म्हणतो की कोरडेपणाच्या काळात आधीचा निश्चय बदलू नये, उलट प्रार्थना थोडी वाढवावी. मग चाळीसाची पंधरा कशी केली? आमचं म्हणणं असं. तो नियम कोरडेपणाने कानात घातलेल्या निर्णयांबद्दल आहे. ताईंना संडे स्कूलचा वर्ग सोडायचा होता. तो बारा आठवडे सोडू दिला नाही. वेळ कमी केली ती झोपेचा हिशेब पाहून आणि दुसऱ्या व्यक्तीच्या निवाड्याने. ताईंना स्वतःला तर ती वाढवायची होती. प्रकरण खरोखर आळसाचं असतं तर उलटाच सल्ला दिला असता.

भावाचं प्रकरण

उजळणीत सहापैकी चार रात्री भावाचं नाव आलं, तेव्हा मावशींनी तो विषय काढला. वेदीपाशी अर्पण आणलं असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट कर, हे मत्तय ५:२३-२४ ताईंना पाठ होतं. ते आठवलं की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं, कारण त्यांच्या समजुतीने समेट म्हणजे घरावरचा हक्क सोडून गप्प बसणं.

या भेटीत दोघींनी गणना २७ सावकाश वाचलं. त्या पाच मुली भांडत नाहीत, रडत नाहीत, गप्पही बसत नाहीत. काय हवं ते नीट शब्दांत मांडतात आणि निवाडा वर जाऊ देतात. आढी सोडणं एक आणि हक्क सोडणं दुसरं, हे त्या अध्यायाने उलगडलं. ताईंनी भावाला लिहिलं, त्यात घराचा शब्द नव्हता : वडिलांच्या शेवटच्या दिवसांत तू रात्री जागलास, त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. तीन दिवसांनी उत्तर आलं, दोन शब्दांचं. वाटणीचा विषय नंतर दोघांनी एका तिसऱ्या माणसापुढे नेला. तो आमच्या कामाचा भाग नव्हता.

ही पायरी सगळ्यांना सारखी लावू नये. समोरची व्यक्ती मारहाण किंवा छळ करणारी असेल तर आधी सुरक्षितता पाहावी, समेटाची घाई करू नये. तसंच, ज्याचं मन बारीकसारीक गोष्टींत पाप शोधत राहतं आणि कबुली देऊनही शंका फिटत नाही, त्याला रात्रीची उजळणी देऊ नये, तिने दुखणं वाढतं. आणि जो नुकताच विश्वासात आला आहे त्याला कमी वाचायला सांगणं चूक. त्याला अजून पुस्तकाचा नकाशाच माहीत नाही, त्याने भरपूर वाचावं.

बारा आठवड्यांनंतर

आठव्या आठवड्यापासून ताईंनी मार्काचं शुभवर्तमान घेतलं. सोळा अध्याय, रोज एक छोटा प्रसंग, तारखा नाहीत, पानात फक्त खूण. आठवड्यातून एकदा मावशींशी वीस मिनिटं बोलणं. रविवारची उपासना आणि प्रभुभोजन पूर्वीही चुकत नव्हतं, तेही चालूच राहिलं.

हिशेब सांगायचा तर ८४ पैकी ६७ दिवस त्या बसल्या. जुन्या योजनेत ५५ पैकी ३६ दिवस बसल्या होत्या. वहीत "गोड" म्हणता येईल अशा ओळी नऊ. उरलेल्या साध्या, काही तर कंटाळलेल्या. "तू आज गप्प आहेस, मीही" अशीही एक आहे. अकराव्या आठवड्यात मावशींनी पहिल्या भेटीतलं हजेरीचं वाक्य वाचून दाखवलं. ताई थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "सकाळी काही वाटतं, काही वाटत नाही. पण दुपारी तो आठवतो." ५:४२ चा प्रश्न विचारायचं कधी बंद झालं हे त्यांना सांगता आलं नाही.

बदललं नाही तेही नोंदवायला हवं. भाऊ अजून लांबच आहे. परीक्षेच्या दिवसांत झोप पुन्हा सहा तासांवर आली. वडिलांची आठवण आली की स्तोत्र १३ मधल्या शेवटच्या दोन ओव्या कधी म्हणता येतात, कधी नाही.

मार्क संपल्यावर ताईंनी गणना जिथे सोडलं होतं तिथूनच धरायचं ठरवलं, रोज एक अध्याय. १,०४५ अध्याय उरले होते. या वेगाने दोन वर्षं दहा महिने लागतील. पहिल्या दिवशी उघडला तो अठ्ठाविसावा. त्यात रोजच्या होमार्पणाचा नियम आहे, दिवसाला दोन कोकरं : एक सकाळी, दुसरं संध्याकाळी. त्या दिवशी ताई आठव्या ओवीवरच थांबल्या, पुढचं वाचलं नाही. वहीत ओळ आहे : "तू दोनच मागितलीस."